दहा गुंठ्यांतले बारा चौरस मीटर गेले कुठे?

वाचकांचे प्रश्न : मोजणी आणि आकडेमोड

मागच्या अंकात ‘तुमच्या खिशात कोणता कॅल्क्युलेटर असतो?’ असं विचारलं होतं. आलेलं टपाल बहुतेक तक्रारींचंच निघालं. प्रोग्रॅम भरता येणारी सायंटिफिक यंत्रं आपल्या धंद्यात वर्षानुवर्षं वापरात आहेत, आणि त्यांच्यावरचा राग किती साठलाय ते या पत्रांतून दिसतं. त्यातली चार पत्रं घेतली आहेत. पत्रांत कंपन्यांची नावं होती, ती गाळली. एका माणसाच्या हातातल्या एका यंत्रावरून कंपनीचा निवाडा करणं मला पटत नाही.

प्रश्न : मॅडम, मी कराड भागात खासगी मोजणीची कामं घेतो. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) आहे, अलीकडे रोव्हरही (उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र) घेतला. तरी बांधावर उभ्या-उभ्या क्षेत्र सांगायचं तर खिशातला प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरच उपयोगी पडतो. आखातात रस्त्याच्या कामावर होतो तेव्हा एका सीनिअरकडून तो वापरलेला घेतला. क्षेत्राचा प्रोग्रॅमही त्यांनीच भरून दिला होता. परवा भावकीच्या वाटणीत एक सरळ काटकोनी तुकडा निघाला, ४० मीटर बाय २५.३० मीटर. चार कोपऱ्यांचे कोऑर्डिनेट रोव्हरवरून घेऊन प्रोग्रॅममध्ये टाकले, उत्तर आलं बरोबर १००० चौरस मीटर. टेपनं १०१२ भरतात. माझ्या मुलानं कॉलेजच्या कॅल्क्युलेटरवर तेच कोऑर्डिनेट गुणून १०१२ काढून दाखवले. धाकटे भाऊ म्हणाले, ‘आमचे बारा मीटर कुठे गेले ते आधी सांगा, मग खुणा गाडा.’ सगळ्या भावकीसमोर मला उत्तर देता आलं नाही. यंत्र दुकानात दाखवलं, तो म्हणतो यंत्र चोख आहे. आता विश्वास ठेवायचा कशावर?
— एक मोजणीदार, कराड

उत्तर : दुकानदार खरं बोलतोय, टेप खरं बोलतोय आणि ते धाकटे भाऊही रास्तच विचारतायत. बारा चौरस मीटर गेले ते तुमच्या प्रोग्रॅममध्ये. कसे गेले ते आकडे मांडूनच दाखवते, म्हणजे तुम्हाला भावकीसमोर मांडता येईल. तुम्ही कोऑर्डिनेट पाठवलेत हे फार चांगलं केलंत. जागा ओळखू येऊ नये म्हणून मी ते थोडे सरकवून घेतले आहेत, मापं तीच.

नैर्ऋत्य कोपरा : ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) ४१३२००.३५, नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) १९१२४००.६२. आग्नेय कोपरा चाळीस मीटर पूर्वेला, म्हणजे ईस्टिंग ४१३२४०.३५, नॉर्दिंग तेच. वरच्या दोन कोपऱ्यांचं नॉर्दिंग १९१२४२५.९२. एवढे मोठे आकडे येतात कारण रोव्हर यूटीएममध्ये बोलतोय, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे करून मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत. कराड ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येतं. तिथं नॉर्दिंग विषुववृत्तापासून मोजतात आणि ईस्टिंग ७५ अंशाच्या रेखावृत्तावर ५,००,००० धरून.

आता क्षेत्राची रीत. एका कोपऱ्याचं ईस्टिंग गुणिले पुढच्याचं नॉर्दिंग, त्यातून पुढच्याचं ईस्टिंग गुणिले आधीच्याचं नॉर्दिंग वजा. असं चारही बाजूंना करून बेरीज घ्यायची आणि निम्मी करायची. रीत शंभर टक्के बरोबर आहे. पहिलाच गुणाकार बघा : ४१३२००.३५ गुणिले १९१२४००.६२ म्हणजे ७९०२०४६०५५२४.२१७. तुमचं यंत्र दोन पायऱ्यांच्या मध्ये दहाच अंक जवळ ठेवतं. म्हणून त्यानं ७९०२०४६०५५०० ठेवले आणि मागचे २४.२१७ सोडून दिले. हे आकडे चौरस मीटरमध्ये आहेत, म्हणजे प्रत्येक गुणाकार जवळच्या शंभर चौरस मीटरला नेऊन बसवला जातोय. शंभर चौरस मीटर म्हणजे एक आर, जवळपास एक गुंठा! मग जमिनीच्या क्षेत्रात काय उरणार?

चार बाजूंचे खरे आकडे असे : वजा ७६४९६०२४.८००, अधिक १०४५४९८०.८५५, अधिक ७६४९७०३६.८००, वजा १०४५३९६८.८५५. बेरीज २०२४, निम्मे १०१२. तुमच्या यंत्रातले आकडे : वजा ७६४९६०००, अधिक १०४५५०००, अधिक ७६४९७०००, वजा १०४५४०००. बेरीज २०००, निम्मे १०००. कागदावर करून बघा, मीही हातानंच केलंय.

बरोबर हजारच आले यात चकित होण्यासारखं काही नाही. शंभराच्या पटीतल्या आकड्यांची बेरीज शंभराच्या पटीतच येणार आणि निम्मी केली की पन्नासच्या पटीत. या प्रोग्रॅममध्ये यूटीएमचे आकडे जसेच्या तसे टाकलेत तर उत्तर ९५० येईल, १००० येईल, १०५० येईल. १०१२ कधीच येणार नाही. तुमच्या वह्या काढा. रोव्हर घेतल्यापासून या प्रोग्रॅमवर काढलेली क्षेत्रं बघा, सगळी पन्नासच्या पटीत आहेत का? असतील तर ती सगळी पुन्हा काढावी लागतील, आणि ज्यांना आकडे दिले त्यांना कळवावंही लागेल. हे काम टाळू नका. आखातात हा घोळ दिसला नाही, कारण साइटच्या स्थानिक ग्रिडवर कोऑर्डिनेट हजार-दोन हजारांत असणार. तिथं गुणाकार सात अंकांचे आणि दहा अंकांत सगळं मावायचं. यंत्र तेच आहे, प्रोग्रॅमही तोच; बदलले ते आत जाणारे आकडे.

मुलाच्या कॅल्क्युलेटरवर बरोबर का आलं? कॉलेजची मुलं वापरतात तो एफएक्स-९९१ईएस प्लस दाखवतो दहा अंक, पण आत पंधरा अंक धरतो. ७९०२०४६०५५२४.२१७ हे बरोबर पंधरा अंक आहेत, सगळे मावले. बारा अंक धरणाऱ्या यंत्रावर तुम्हाला जवळच्या अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं उत्तर मिळालं असतं, आणि ती चूक कुणाच्या लक्षातही आली नसती. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

उपाय अगदी छोटा आहे. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला पहिल्या कोपऱ्याचं ईस्टिंग-नॉर्दिंग दोन मेमरींत ठेवा आणि पुढचा प्रत्येक कोपरा टाकल्या टाकल्या त्यातून ते वजा करून घ्या. मग कोपरे होतात शून्य-शून्य, ४०-शून्य, ४०-२५.३ आणि शून्य-२५.३. गुणाकार चार-पाच अंकांचे, उत्तर १०१२, म्हणजे १०.१२ आर. वजाबाकीत काही हरवत नाही, कारण कोऑर्डिनेट स्वतः नऊच अंकांचे आहेत. दोन-चार ओळी वाढतील. यंत्र टाकून देऊ नका. सर्व्हिसिंगची पावती मात्र पुढच्या वेळी घेऊ नका. तिथं दुरुस्त करण्यासारखं काही नाहीच.

एक बोलायचं राहिलं. सीनिअरनं भरून दिलेला प्रोग्रॅम हा आपल्या धंद्यात वारसा म्हणून चालतो, आणि मला त्याबद्दल आदर आहे. त्या माणसांनी उन्हात उभं राहून ते बसवलेले असतात. पण प्रोग्रॅमबरोबर ‘तो कुठल्या आकड्यांसाठी बसवला’ ही एक ओळसुद्धा पुढच्याच्या हातात द्यायला हवी. तुम्ही आता हा दुरुस्त कराल तेव्हा कव्हरच्या आत चिठ्ठी चिकटवून ती ओळ लिहा.

प्रश्न : मी मूळची पुण्याची, सध्या न्यू जर्सीत सिव्हिल इंजिनिअर आहे. इथल्या लायसन्सच्या परीक्षेत ठरावीक मॉडेलचेच कॅल्क्युलेटर चालतात आणि त्यात प्रोग्रॅम करता येणारे अगदी मोजके. म्हणून महागडा घेतला. आता रोज संताप होतो. नव्वद अंशांच्या अगदी जवळच्या कोनाचा कोसाइन शेवटच्या अंकांत चुकतो. पोलर-रेक्टँग्युलर बदलायला (लांबी-कोनावरून आडवं-उभं अंतर काढायला आणि उलट) सरळ बटण नाही. प्रोग्रॅमला नाव द्यायचं तर एकच अक्षर. कधी कधी बटण दाबलं तरी आकडा उमटत नाही. सेल बदलताना सगळी मेमरी गेली. आणि प्रोग्रॅम बाहेर काढून ठेवायला केबल नाही, कार्ड नाही, काहीच नाही. कंपनीला लिहिलं तर ‘पुस्तिका पाहा’ असं उत्तर आलं. मी फार चिकित्सा करतेय का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अजिबात नाही. तुम्ही पैसे मोजलेत आणि परीक्षेच्या नियमामुळे तुम्हाला दुसरीकडे जायला वाट नाही. अशा गिऱ्हाइकाला ‘पुस्तिका पाहा’ म्हणणं मला संतापजनक वाटतं. तरी तुमच्या यादीतल्या सगळ्या गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत.

कोसाइनपासून सुरू करते, कारण लोक त्यावरच सगळ्यात जास्त बोलतात. नव्वदच्या जवळ कोसाइन फार लहान होतो. यंत्र आत कोन नव्वदमधून वजा करून पुढे जात असेल आणि त्या वेळी पायचे (π) अंक पुरेसे धरलेले नसतील, तर मागचे अंक बिघडतात. ती चूक दहाव्या-बाराव्या घरात असेल तर एक किलोमीटरच्या रेषेवर तिचा परिणाम केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. जमिनीवर, पुलावर, गटाराच्या उतारावर ती दिसणार नाही. परीक्षेतल्या पर्यायांत तर नाहीच नाही. पण ‘कामात दिसत नाही’ हे ठरवायचं तुम्ही. कंपनीचं काम चूक कळल्यावर ती जाहीर करण्याचं आहे.

आणि हे होऊ शकतं, झालेलं आहे. १९७२ साली एचपी-३५ आला, खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, किंमत ३९५ डॉलर. त्यात २.०२ चा नैसर्गिक लॉग घेऊन त्याचाच उलट घातांक काढला तर २.०२ परत यायच्या ऐवजी नुसते २ यायचे. हे लक्षात आलं तोवर हजारो यंत्रं विकली गेली होती. कंपनीनं गिऱ्हाइकांना स्वतः कळवलं आणि हवं त्याला सुधारलेलं यंत्र देऊ केलं. पुढे १९९४ मध्ये पेंटियम चिपच्या भागाकारात चूक सापडली : ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ हे १.३३३८२ यायला हवं, यायचं १.३३३७४. इंटेलनं आधी खळखळ केली, पण त्याच डिसेंबरात मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं. बावीस वर्षांच्या अंतरानं दोन कंपन्यांनी जे केलं ते आज एका कॅल्क्युलेटरच्या बाबतीत अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये.

यंत्र किती अंक धरतं आणि कसं धरतं हे तुम्हाला घरीच बघायचं असेल तर कॅल्क्युलेटरच्या शौकिनांची एक जुनी चाचणी आहे. अंशांच्या मोडमध्ये ९ घ्या. त्याचा साइन, आलेल्याचा कोसाइन, आलेल्याचा टॅन, मग उलट टॅन, उलट कोसाइन, उलट साइन. परत ९ यायला हवेत. एचपी-१५सी या दहा अंकी यंत्रावर ९.०००४१७४०३ येतात.  हे उत्तर बघून यंत्र सदोष म्हणू नका. मधल्या टप्प्यावर कोसाइन ०.९९९९९६२७२७ असा एकाच्या अगदी खेटून येतो आणि कोनाची सगळी माहिती शेवटच्या पाच अंकांत कोंबली जाते. दहा अंकांत याहून फार जास्त कुणालाच जमणार नाही. पण तुमच्या यंत्राचा आकडा वहीत टिपून ठेवा. उद्या तो बदलला तर काहीतरी खरंच बिघडलं.

पोलर-रेक्टँग्युलरचं बटण नसणं ही कंटाळवाणी गैरसोय आहे, धोका नाही. लांबी गुणिले कोसाइन, लांबी गुणिले साइन असा चार ओळींचा प्रोग्रॅम बसवा. उलट दिशेला जाताना मात्र भागाकारावर उलट टॅन घेऊ नका. यंत्रात कॉम्प्लेक्स संख्या असतील तर त्यांचं मूल्य आणि कोन काढणारी फंक्शनं वापरा, चरण (कोन कुठल्या पाव वर्तुळात पडतो ते) आपोआप सांभाळला जातो. एकच अक्षर नाव म्हणून असेल तर एका कार्डावर यादी करून कव्हरमध्ये ठेवायची, दुसरा इलाज नाही.

बटण न उमटणं ही तुमच्या यादीतली सगळ्यात घातक गोष्ट. बाराव्या घरातली चूक कुणाचं नुकसान करत नाही. ४१३२४० च्या जागी ४१३२४ गेलं तर काय होईल ते सांगायला नको. काम सुरू करण्याआधी १२३४५६७८९० एकदा सावकाश आणि एकदा तुमच्या नेहमीच्या वेगानं दाबून बघा. वेगात एखादा अंक सुटत असेल किंवा दोनदा पडत असेल तर वॉरंटीत बदलूनच घ्या, भांडून घ्या. वॉरंटी संपली असेल आणि यंत्र स्क्रूनं उघडत असेल तर बटणाखालचा रबर आणि त्याची काळी टिकली आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून बघता येते. पाठ प्लास्टिक वितळवून बंद केलेली असेल तर उघडायच्या नादी लागू नका.

आता मेमरी. दोन सेल असणाऱ्या बऱ्याच यंत्रांत ते एकेक करून बदलायचे असतात. यंत्र बंद ठेवून, मधे एकही बटण न दाबता, पहिला बसवल्यावरच दुसरा काढायचा. एलआर४४ (अल्कलाइन) सेलच्या जागी एसआर४४ (सिल्व्हर ऑक्साइड) घातलेत तर विजेचा दाब शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्थिर राहतो. पण हे सगळं वरवरचं. मूळ दुखणं तुम्ही शेवटी लिहिलंत, मी ते पहिल्यांदा लिहिलं असतं : प्रोग्रॅम बाहेर काढायला वाट नाही. १९७४ च्या एचपी-६५ वर च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या चुंबकी कार्डावर प्रोग्रॅम उतरवता यायचा. शंभर पायऱ्यांचीच मेमरी, पण त्या शंभर पायऱ्या तुमच्या मालकीच्या होत्या. १९७५ च्या अपोलो-सोयूझ मोहिमेत हे यंत्र अंतराळात गेलं. नंतरच्या कॅसिओच्या एफएक्स-५८००पी मध्ये सेल काढला तरी प्रोग्रॅम राहतो आणि केबलनं एका यंत्रातून दुसऱ्यात जातो. म्हणजे हे करता येतं, ते जुनं आहे, महागही नाही. ज्या यंत्रावर ‘प्रोग्रॅमेबल’ असं लिहिलंय त्यात संध्याकाळभर खपून भरलेला प्रोग्रॅम एका सेलबरोबर पुसला जात असेल, तर तो विकणाऱ्यानं माणसाच्या श्रमाची किंमतच केलेली नाही. हे कंपनीला याच शब्दांत लिहा. तोवर प्रत्येक प्रोग्रॅम वहीत ओळीनं उतरवा. एका पानावर एक, खाली चाचणीचे आकडे आणि यायला हवं ते उत्तर. परीक्षेच्या आठवड्यात सेल बदलू नका, आधीच बदला.

प्रश्न : मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. एका विद्यार्थ्यानं ११ चा सहावा घात भागिले १३ केलं आणि त्याच्या कॅल्क्युलेटरनं उत्तरात पाय दाखवला! १५६१५८४१३ पाय भागिले ३६००. पूर्णांकांच्या भागाकारात पाय कुठून आला? वर्गात मी काय सांगू?
— एक शिक्षक, नांदेड

उत्तर : काही मॉडेलांवर हे होतं आणि कारण समजलं की मुलांना शिकवायला फार सुंदर उदाहरण आहे. ११ चा सहावा घात १७७१५६१; त्याला १३ नं भागलं की १३६२७३.९२३०७६९ आणि पुढे. आता १५६१५८४१३ ला ३६०० नं भागून पायनं गुणा : १३६२७३.९२३०७६९ इथपर्यंत हुबेहूब तेच, फरक त्याच्या पुढे. उत्तर दशांशात आल्यावर ही यंत्रं ते एखाद्या नीटस रूपात बसतंय का ते चाचपडतात : अपूर्णांक, वर्गमूळ, पायची पट. पायच्या पटीचा एक अपूर्णांक योगायोगानं इतका जवळ बसला की यंत्रानं तोच खरा मानला.

वर्गात सांगा की दशांशातलं उत्तर बरोबर आहे, पाय हा यंत्राचा अंदाज आहे. पायला शून्याखेरीज कुठल्याही परिमेय संख्येनं गुणलं तरी उत्तर परिमेय येऊ शकत नाही, कारण पाय अपरिमेय. त्या मुलानं हे शोधून काढलं असेल तर त्याचं सर्वांसमोर कौतुक करा.

प्रश्न : मॅडम, मी रत्नागिरीत सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन बिंदूंमधलं बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) आणि अंतर काढायचा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला. अंतर बरोबर येतं, बेअरिंग कधी बरोबर तर कधी भलतंच. एकदा तर ‘मॅथ एरर’ आला. सर म्हणतात यंत्र जुनं आहे, मित्र म्हणतात मोबाइलवर ॲप घे. यंत्र खराब आहे का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : यंत्र खराब नाही. तुझा प्रोग्रॅम तू पाठवलायस तो वाचला. ईस्टिंगचा फरक भागिले नॉर्दिंगचा फरक, त्याचा उलट टॅन, एवढंच त्यात आहे. उलट टॅनचं उत्तर फक्त वजा नव्वद ते अधिक नव्वद या पट्ट्यातच येतं. भागाकार करताना चिन्हं मिसळली की नैर्ऋत्येचा बिंदू आणि ईशान्येचा बिंदू यंत्राला एकच वाटतात. म्हणून नॉर्दिंगचा फरक ऋण असेल तर उत्तरात १८० मिळवायचे. त्यानंतरही उत्तर ऋण राहिलं तर ३६० मिळवायचे. नॉर्दिंगचा फरक शून्य असेल तर भागूच नको, ईस्टिंगचा फरक धन की ऋण ते बघून ९० किंवा २७० दे. तुझा ‘मॅथ एरर’ तिथूनच आला.

दुसरं, तू कोन ४५.३०१५ असा टाकतोस. ते तुझ्या मनात ४५ अंश ३० मिनिटं १५ सेकंद आहेत. यंत्रानं बदलून घेतल्याशिवाय ते साधे दशांश अंश धरले जातात. खरे दशांश अंश ४५.५०४२. शंभर मीटरच्या रेषेवर हा फरक जवळजवळ ३५ सेंटिमीटर होतो. आणि ४५ अंश ३ मिनिटं टाकायची असतील तर ४५.०३, ४५.३ नाही, ४५.३ म्हणजे ४५ अंश ३० मिनिटं.

ॲप घ्यायला हरकत नाही, पण हा प्रोग्रॅम सोडू नकोस. डिप्लोमाच्या पेपरात प्रोग्रॅमेबल यंत्र चालतं का ते आधी कॉलेजात विचारून घे आणि परीक्षेसाठी साधा कॅल्क्युलेटर वेगळा ठेव. तुझा स्वतःचा प्रोग्रॅम दुरुस्त करून पुढच्या प्रॅक्टिकलला ने. नेण्याआधी हे बिंदू टाकून बघ, नॉर्दिंगचा फरक आधी, ईस्टिंगचा नंतर : १ आणि १ ला ४५ अंश, वजा १ आणि १ ला १३५, वजा १ आणि वजा १ ला २२५, १ आणि वजा १ ला ३१५. चारही ठिकाणी अंतर १.४१४२. मग शून्य आणि १ ला ९०, शून्य आणि वजा १ ला २७०. शेवटी ३ आणि ४ टाक : अंतर ५, बेअरिंग ५३ अंश ७ मिनिटं ४८ सेकंद. सगळी जुळली की सरांना दाखव, आणि काय आलं ते मला कळव. प्रोग्रॅमच्या ओळी नीट अक्षरात लिहून पाठवल्यास तर पुढच्या अंकात छापीन.